दिवस पुरतील, तास पुरणार नाहीत

एसलिंगन, रविवार

चि. मनूस,


स्टुटगार्ट विद्यापीठाचं पत्र आल्याचं ताईकडून कळलं. फार आनंद झाला. त्याच रात्री तुझा मेसेजही आला: ऑक्टोबरपासूनचं सत्र इथे, आणि जोडीला कुठेतरी अर्धवेळ इंटर्नशिप. ‘जमेल का गं मावशी?’ फोनवर आपण दोघी बोलता बोलता भलतीकडेच जातो, म्हणून सविस्तर लिहितेय.

जमेल. चौकशी मात्र सगळे फक्त कायद्याची करतात, आणि अडचण बहुतेक वेळा तिथे नसतेच. युरोपीय संघाबाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला इथे वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. २०२४ च्या मार्चआधी हा आकडा १२० होता. चार तासांपर्यंतचं काम म्हणजे अर्धा दिवस. आठवड्याला दोन पूर्ण दिवस धरलेस, तरी सत्रभरात तुझे तीस-पस्तीस दिवसच खर्ची पडतील. व्याख्यानं चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर जायचं नाही, नाहीतर विम्याच्या हिशेबात तू विद्यार्थिनी राहत नाहीस. एवढं सांभाळलंस की दिवस पुरतात. पुरत नाहीत ते तास.

कसे ते बघ. इथे पूर्ण सत्राचा अभ्यास ३० क्रेडिटचा, आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांची मेहनत धरलेली असते. म्हणजे ७५० ते ९०० तास. कागदावर सत्र ऑक्टोबर ते मार्च असं सहा महिन्यांचं दिसतं. प्रत्यक्षात व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होऊन फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपतात, मध्ये नाताळची सुट्टी, आणि लगेच परीक्षा. पूर्ण सहा महिन्यांवर पसरले तरी आठवड्याला तीस-पस्तीस तास अभ्यासाचे, त्यावर वीस तास कामाचे, शिवाय स्वयंपाक, कपडे, सरकारी कचेऱ्या, आणि साडेचारलाच अंधार पडणारा डिसेंबर. हे ओढायला जाशील तर व्याख्यानात डुलक्या देशील आणि कामावर व्याख्यानाची काळजी करशील. म्हणून माझं स्पष्ट मत: इंटर्नशिप करायची असेल तर ३० क्रेडिट घेऊ नकोस. अठरा-वीस घे. मात्र तुझं पुण्याचं कॉलेज त्यातले किती आणि कोणत्या विषयांच्या बदल्यात धरणार, हे निघण्याआधी सही-शिक्क्यानिशी लेखी घे. ‘सर हो म्हणालेत’ यावर विमानात बसायचं नाही. परत आल्यावर खातेप्रमुख बदललेले असतात.

आता काम कुठे शोधायचं. मोठमोठ्या नावांची तू यादी करून ठेवली असशील. त्या कंपन्यांच्या इंटर्नशिप बहुधा पूर्णवेळ आणि तीन ते सहा महिन्यांच्या असतात. विद्यार्थ्यांसाठी अर्धवेळ नोकरी असते तिला वेर्कश्टुडेंट म्हणतात, पण दोन महिने शिकवलेला माणूस चौथ्या महिन्यात मायदेशी जाणार म्हटलं की ते कचरतात, आणि त्यात त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. एका सत्रासाठी येणाऱ्या मुलीला दोन जागा खऱ्या सोयीच्या. एक, विद्यापीठातल्याच एखाद्या संस्थेत प्राध्यापकांच्या हाताखाली तासांवर काम, ज्याला इथली मुलं ‘हीवी’ म्हणतात. तुझा विभाग फायहिंगनच्या परिसरात, आणि फ्राउनहोफरच्या संस्थाही तिथेच. तास संपला की चालत जाशील. दुसरी जागा म्हणजे आमच्या कंपनीसारखी मधल्या आकाराची, जिचं नाव पुण्यात कुणी ऐकलेलं नसतं पण जिचे सुटे भाग चाकणच्या गाड्यांतही सापडतील.

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे एक मुलगी आठवड्यातून दोन दिवस येत असे. काम मोजमापाच्या खोलीतलं. पहिल्याच दिवशी तिने मशीनवरून नुकताच उतरलेला शाफ्ट उचलून थेट सीएमएमवर, म्हणजे मोजमापाच्या यंत्रावर, ठेवायला घेतला. आमच्या फोरमननी तिला थांबवलं आणि भिंतीवरचं थर्मामीटर दाखवलं. ती खोली बारा महिने २० अंशांवर असते, कारण मापाचं प्रमाण तापमान तेच आहे. जॉब तिथे काही तास नुसता पडून राहतो, मगच त्याला हात लावायचा. १०० मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट १० अंशांनी तापला की अकरा-बारा मायक्रॉन वाढतो, आणि आमचा टॉलरन्स कधीकधी त्याहून कमी असतो. त्याच सुमाराला तिच्या वर्गात टॉलरन्सचा विषय चालू होता. पुढच्या खेपेला ती वही घेऊन आली आणि फोरमनना प्रश्न विचारत सुटली. त्यांनी दिलेली उत्तरं ती वर्गात प्राध्यापकांपुढे ठेवायची, आणि तिथून नवे प्रश्न घेऊन यायची. मनू, मला तुझ्यासाठी नेमकं हे हवंय. पुण्यात बसून इंग्रजीत करता येईल असं एक्सेलचं काम घ्यायला इतक्या लांब येऊ नकोस, मग ते कितीही मोठ्या कंपनीचं असो. हाताखाली घेऊन तुला कोण शिकवणार, हे मुलाखतीतच विचार. नेमका माणूस सांगता आला नाही, तर पैसे चांगले असले तरी सोड.

पैशांचं थोडक्यात. व्हिसासाठी खात्यात गोठवून ठेवायची रक्कम सध्या महिन्याला ९९२ युरो आहे, त्यात काटकसरीने भागतं. घरभाडं कमाईवर अवलंबून ठेवू नकोस. स्वतःहून केलेली इंटर्नशिप तीन महिन्यांच्या आत असेल तर किमान वेतन देण्याचं बंधन नाही. त्याहून मोठी असेल तर पहिल्या दिवसापासून द्यावं लागतं, ते २०२६ पासून ताशी १३.९० युरो आहे. अभ्यासक्रमात सक्तीची असलेली इंटर्नशिप त्या १४० दिवसांत धरत नाहीत. तुझ्या कॉलेजने सक्तीची केलेली त्यात बसते का, हे इथल्या परदेशी विद्यार्थी कक्षाला ईमेलनेच विचार, म्हणजे उत्तर लेखी राहील.

कामाला आठवड्याचे दोन पूर्ण दिवस माग, पाच अर्धे दिवस नकोत. अर्ध्या दिवसात कोट काढून बसेपर्यंत निघायची वेळ होते, आणि वर्गातल्या दुपारच्या उदाहरणांच्या तासांना मुकशील. खरं शिकणं त्या तासांतच असतं. काम नोव्हेंबरपासून सुरू कर. ऑक्टोबर शहराला दे आणि कागदपत्रांना दे. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाची सही लागते. खोलीची किल्ली मिळाली की सामान उघडण्याआधी खालच्या पत्रपेटीवर स्वतःचं नाव चिकटव. नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, आणि तुझा करक्रमांक टपालानेच येतो. तो मिळाला नाही की पगारातून कर वाजवीपेक्षा जास्त कापतात, मग परतावा मागत बसावं लागतं. परीक्षेला बसण्याचीही वेगळी नोंदणी असते, तिची मुदत कॅलेंडरवर ठळक लिहून ठेव.

एक मनातलं सांगते. तू मेहनती आहेस, म्हणूनच काळजी वाटते. संध्याकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात चार देशांची मुलं भाजी चिरत बसलेली असतात, रविवारी दुकानं बंद असतात आणि लोक द्राक्षांच्या मळ्यांतून पायी फिरतात. तेही या सत्रातलंच शिक्षण आहे. रविवार कुणालाही देऊ नकोस. मला मात्र दे, विद्यापीठाच्या स्टेशनवर बसलीस की एस-१ लोकल न बदलता एसलिंगनला येते.

आता तू तीन गोष्टी पाठव: विषयांची यादी, कॉलेजचं क्रेडिटचं पत्र, आणि जर्मनमध्ये एका पानाचा बायोडाटा. मॅक्स म्युलर भवनातल्या बाईंकडून तो तपासून घे, पण लिही तूच. फोरमनना मी तुझ्याबद्दल बोललेय. ते म्हणाले, अर्ज येऊ दे, मुलगी बोलते कशी ते मी स्वतः बघेन. तेव्हा रोज अर्धा तास मोठ्याने जर्मन बोलायची सवय ठेव, समोर कुणी नसलं तरी.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग.

तुझी,
मावशी