लास पिन्यासचा बांबूचा ऑर्गन

११ नोव्हेंबर

सकाळपासून पाऊस. मनिलाच्या दक्षिणेला असलेलं लास पिन्यास एके काळी मिठागरांसाठी ओळखलं जायचं. आता शहर त्याच्यावरून पसरत पुढे गेलं आहे आणि रस्त्यावर जीपनी नावाच्या प्रवासी गाड्यांचा गोंगाट आहे. सेंट जोसेफ चर्चच्या जाड दगडी भिंतींच्या आत आलं की तो मागे पडतो. ऑर्गन वरच्या माळ्यावर आहे. एकूण १०३१ नळ्या, त्यांतल्या ९०२ बांबूच्या आणि १२९ धातूच्या. समोरच्या पिवळट, पेरापेरांच्या उभ्या रांगा बघत खूप वेळ उभी राहिले. धातूचे कर्णे मात्र उभे नाहीत, ते आडवे, थेट आपल्या दिशेनं रोखलेले आहेत. आडवे कर्णे ही स्पेनच्या ऑर्गनची खूण.

१२ नोव्हेंबर

आज तो ऐकला. नाट्यसंगीतात वाढलेल्या माझ्या कानाला ऑर्गन म्हणजे पायपेटी. तिथे स्वर पत्तीच्या कंपनाचा. इथे बांबूच्या नळ्यांत पत्ती नाही, त्या बासरीच्या कुळातल्या. भात्यातली हवा नळीच्या तोंडाशी धारेवर आपटते आणि आतला हवेचा स्तंभ थरथरतो. नळीची लांबी दुप्पट केली की स्वर एक सप्तक खाली जातो. म्हणून काही नळ्या माणसाहून उंच, तर काही बोटाएवढ्या. स्वर कोरडा, उबदार, किंचित फुंकीचा. मग वादकानं कर्ण्यांना बोलतं करणारी खुंटी ओढली आणि माझ्या अंगावर काटा आला.

पट्ट्यांची ओळ एकच, पण तिचे दोन भाग आहेत. मधल्या स्वराच्या डावीकडच्या खुंट्या वेगळ्या, उजवीकडच्या वेगळ्या. त्यामुळे डाव्या हाताखाली बांबूची संथ साथ आणि उजव्या हाताखाली कर्ण्याची धून, असं एकाच ओळीवर वाजवता येतं. एका माणसात दोन वादक! हीही स्पॅनिश रीत. शिवाय पक्ष्यांची किलबिल काढणारी एक खुंटी आहे. छोट्या नळ्यांची टोकं पाण्यात बुडालेली असतात, म्हणून स्वर थरथरतो. ढोलासाठीही एक खुंटी आहे.

परदेशी पाहुणे याला जगावेगळी वस्तू म्हणून बघतात, त्याचं मला वाईट वाटतं. घडवणाऱ्यानं आपल्या परंपरेतला एकही नियम सैल सोडलेला नाही. हा पक्का स्पॅनिश ऑर्गन आहे, फक्त इथल्या मातीत उगवलेला.

१३ नोव्हेंबर

घडवणाऱ्याचं नाव फादर दिएगो सेरा. जन्म १७६२, स्पेनमधल्या अरागॉनचा. १७९५ पासून तो या गावाचा धर्मगुरू होता. हे चर्चही त्याच्याच देखरेखीखाली उभं राहिलं. १८१६ मध्ये ऑर्गनसाठी बांबू तोडले आणि समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवले. सुमारे वर्षभरानं उकरले तेव्हा जे किडीतून वाचले होते तेवढेच वापरायला घेतले.

आज दिवसभर हेच डोक्यात घोळतं आहे. आपल्याकडे कोकणातही बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा, ओढ्यात बुडवून ठेवायचा, हे म्हातारी माणसं सांगतात. बांबूतलं पिष्ट आणि साखर हे पोखरणाऱ्या भुंग्याचं खाणं. ते पाण्यात धुऊन गेलं की भुंगा फिरकत नाही. सेरानं कामाची सुरुवातच या थांबण्यानं केली. सुंदर दिसणारा बांबू त्यानं निवडला नाही, टिकणारा निवडला, आणि निवड करायचं काम किडीवर सोपवलं. या ऑर्गनच्या रचनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट मला हीच वाटते.

१८२१ पर्यंत ऑर्गन वाजू लागला होता, पण कर्ण्यांशिवाय. कर्ण्याचा तो झणझणीत आवाज बांबूतून येईना. शेवटी त्यानं ते धातूचे केले आणि १८२४ मध्ये काम पुरं झालं.

१४ नोव्हेंबर

पुढचा काळ वाईट गेला. भूकंपांनी आणि तुफानांनी छप्पर मोडलं, नळ्या काढून ठेवाव्या लागल्या, ऑर्गन कित्येक वर्षं मुका होता. विसाव्या शतकात थोडी डागडुजी झाली. खरी दुरुस्ती १९७३ मध्ये सुरू झाली. ऑर्गन जर्मनीत बॉनला, ऑर्गन बांधणाऱ्या क्लाइस यांच्या कारखान्यात गेला. तिथल्या थंड कोरड्या हवेत बांबू तडकला असता, म्हणून त्याच्यासाठी फिलिपिन्ससारखी उष्ण दमट हवा असलेली खोली तयार केली. ज्यांनी ती खोली बांधली त्यांच्याबद्दल मनात फार आदर आहे. ९ मे १९७५ रोजी लास पिन्यासच्या चर्चमध्ये तो पुन्हा वाजला. पुढच्या वर्षापासून इथे दर वर्षी त्याचा महोत्सव होतो. २००३ मध्ये त्याला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेव्याचा मान मिळाला.

१६ नोव्हेंबर

पाऊस थांबला, ऊन आलं, उकाडा वाढला. आज सूर जुळवण्याचं काम चालू होतं. मला माळ्यावर जिन्याशी बसू दिलं. हवा तापली की बांबूच्या नळ्यांचा स्वर चढतो, कर्ण्यांच्या पत्तीचा जवळजवळ जागच्या जागी राहतो. म्हणजे सकाळी जुळलेले दोघे दुपारी एकमेकांपासून सरकलेले असतात. नऊशे बांबूंना हात लावण्यापेक्षा कर्ण्यांनाच त्यांच्यापर्यंत आणायचं. प्रत्येक कर्ण्याच्या मुळाशी पत्तीला दाबून धरणारी एक तार असते. ती किंचित खाली ठोकली की पत्तीचा मोकळा भाग आखूड होतो आणि स्वर चढतो.

एक जण खाली पट्टी दाबून बसलेला, दुसरा वर छोट्या हत्याराने तारेवर टकटक करत होता. दोघे एकमेकांशी हळू आवाजात टागालोगमध्ये बोलत होते. आता ऑर्गन परदेशी पाठवायची गरज उरलेली नाही. लास पिन्यासमध्येच सेराच्या नावाचा ऑर्गन बांधणारा कारखाना आहे, आणि २००३ नंतरची मोठी दुरुस्ती त्याच कारागिरांनी केली. परवा तो कारखाना बघायला जायचं आहे. तिथे नव्या बांबूचं काय करतात, किती दिवस थांबतात, हे विचारायचं आहे.