सुनेच्या कॉम्प्युटरचा रेडिएटर



लोणावळ्यात पावसाळ्यात घरात ओल दिसली तर कुणी दचकत नाही. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणारं हे गाव. भिंतींना पोपडे, कपाटातल्या साड्यांना कुबट वास, सकाळी काढलेले पापड दुपारपर्यंत सादळलेले. त्यामुळे यंदा श्रावणात सुनेच्या टेबलाखाली दोन दिवस ओल दिसली, तेव्हा सगळ्यांनी खिडकीला दोष दिला. पण पुसताना माझ्या पांढऱ्या फडक्यावर फिकट गुलाबी डाग आला. पावसाचं पाणी काही गुलाबी नसतं.

आमची सून घरून काम करते. मावळात पवनेच्या बाजूला, कार्ल्याकडे, इथे तुंगार्लीत जे बंगले होतात, ते बांधण्याआधी कसे दिसतील याची चित्रं आणि चलचित्रं ती तयार करते. खिडकीतून ऊन कसं येईल, फरशीवर सावली कुठे पडेल, हे सगळं कॉम्प्युटर रात्र रात्र बसून मोजतो. एवढं काम केल्यावर तो तापणारच. साध्या कॉम्प्युटरला पंखा पुरतो. तिच्या यंत्रात मात्र पाणी फिरतं.

मला हे आधी अघोरी वाटलं होतं. विजेच्या वस्तूत पाणी? पण तिने समजावलं तेव्हा पटलं. तेवढ्याच जागेतल्या हवेपेक्षा पाण्यात सुमारे साडेतीन हजार पट उष्णता मावते. छोटा पंप पाणी फिरवतो, ते प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या ठोकळ्यातून उष्णता उचलतं, नळीने रेडिएटरमध्ये जातं, तिथे पंख्याच्या वाऱ्याने निवतं आणि परत येतं. ट्रकच्या इंजिनातही हेच चालतं. आपल्या पुण्यात आयसरमध्ये २०१९ साली ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक बसवला, तोही असाच द्रवाने थंड ठेवतात. म्हणजे युक्ती काही वेडीवाकडी नाही.

आता त्या गुलाबी डागाचं. हे पाणी खोलीच्या तापमानाच्या खाली कधीच जात नाही. त्यामुळे थंड तांब्याला बाहेरून घाम येतो तसा या नळ्यांना येत नाही. म्हणजे ओल हवेतली नव्हती, आतलीच होती.

सून घाबरून लगेच केस वाळवायचं मशीन घेऊन आली. मी म्हटलं, थांब गं, आधी भिंतीवरचं बटण बंद कर. आपल्याकडे आस्रव, संवर आणि निर्जरा समजावताना भोक पडलेल्या नावेचं उदाहरण देतात ना? भोक उघडं ठेवून पाणी उपसत बसलात तर नाव बुडणारच. आधी भोक बुजवायचं, मग उपसायचं. इथेही क्रम तोच. आधी वीज बंद, मग उरलेलं पाणी काढून घेणं, मग पुसणं आणि वाळवणं.

रेडिएटर कॅबिनेटच्या वरच्या बाजूला होता. थेंब मागच्या पत्र्यावरून ओघळून जमिनीवर आले होते. ५५ हजारांचं ग्राफिक्स कार्ड चार बोटांवर होतं, त्याच्या कडेला फक्त एक वाळलेला ओघळ होता. तो तिने आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. काढलेलं पाणी मी मोरीत ओतू दिलं नाही. अशा द्रवात बऱ्याचदा ग्लायकोल असतं. त्यातला एक प्रकार चवीला गोड आणि कुत्र्या-मांजरांना विषारी असतो. आमच्या मागच्या दारी दोन मांजरं असतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर चिठ्ठी लावली आणि फरशी तीनदा पुसली.

शहरातल्या ज्या दुकानातून मे महिन्यात पंखे बदलून घेतले होते, त्यांना फोन केला. उत्तर आलं की वॉरंटी संपली, रेडिएटर दुरुस्त होत नसतो, पंप-नळ्यांसकट सगळा संच बदला, ३४ हजार. वर सल्ला मिळाला की यंत्र तीन वर्षांचं झालंय, नवीनच का घेत नाही?

मी बी.कॉम. आहे. नोकरी केली नाही, पण घसारा विसरले नाही. आयकराच्या हिशोबात कॉम्प्युटरवर दरसाल ४० टक्के घसारा धरतात, तोही उरलेल्या किमतीवर. १,८०,००० चं यंत्र पहिल्या वर्षाअखेर १,०८,०००, दुसऱ्या ६४,८०० आणि तिसऱ्या ३८,८८० वर येतं. म्हणजे कागदावर ३९ हजारांच्या वस्तूवर ३४ हजार घालायचे. असा हिशोब मांडला की माणूस नवीन वस्तूकडे वळतोच. पण घसारा कागदावरचा असतो. सुनेचं यंत्र आदल्या रात्रीपर्यंत व्यवस्थित काम करत होतं. बिघडला होता तो एक भाग, आणि त्या भागातली एकच जागा. ती जागा कुठली, हे कुणी बघितलंच नव्हतं.

रेडिएटर हातात घेतला. वीतभर रुंदही नाही, लांबी दीड वीत, जाडी दोन बोटं. कोपऱ्यातला काळा रंग थोडा खरवडला तर आतून लालसर धातू निघाला. कल्हई उडालेल्या भांड्याचा असतो तोच रंग. तांबं! आणि तांब्याला डाख बसतो, हे आपल्या पिढीला कुणी सांगायला नको. दारात कल्हईवाला बसायचा, नवसागराचा धूर निघायचा आणि कथील भांड्यात चमकत पसरायचं. रेडिएटरचं काम त्याचंच भावंड आहे.

वडगावजवळ जुन्या मुंबई-पुणे हायवेला एक रेडिएटरवाले मिस्त्री आहेत. एक्सप्रेस-वे २००२ साली पूर्ण सुरू झाला. त्याआधी सगळे ट्रक याच रस्त्याने जायचे, खंडाळ्याच्या घाटात पाणी उकळून उभे राहायचे आणि पुढे असल्या दुकानांत यायचे. सुनेला माझं म्हणणं पटेना. “आई, तो ट्रकचं काम करतो. डाख सुटला तर कार्ड जाईल.” तिची भीती खोटी नव्हती. यंत्र तिचं, पैसे तिचे, सोमवारी चित्रं द्यायची तीही तिलाच. मी म्हटलं, दाखवून तर येऊ. निर्णय तुझा.

रेडिएटर कापडी पिशवीत घालून आम्ही लोकलने निघालो. मळवली, कामशेत, कान्हे आणि मग वडगाव. मिस्त्रींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “काकू, हा ट्रकचा नातू दिसतोय.” त्यांनी नळीच्या तोंडाचे आटे पाहिले. हे पाव इंची आटे हवेच्या नळ्यांच्या जोडांनाही चालतात. शेजारच्या हार्डवेअरमधून दोन जोड आणले. एका तोंडाला बूच मारलं, दुसऱ्याला सायकलचा पंप लावला आणि हलकी हवा भरून रेडिएटर पाण्याच्या टाकीत बुडवला.

थोडा वेळ काहीच दिसलं नाही. मग एक बुडबुडा आला. चार-पाच सेकंदांनी त्याच जागेवरून दुसरा. ती जागा होती पंख्याच्या स्क्रूच्या भोकाखाली. पंखे २५ मिलिमीटर जाडीचे, त्यांना ३० मिलिमीटरचा स्क्रू पुरतो. सुनेने पिशवीतून काढलेले स्क्रू मोजले तर ३५ चे निघाले. जास्तीच्या पाच मिलिमीटरचं टोक पाण्याच्या चपट्या नळीवर टेकलं होतं. मे महिन्यात नुसती खोच पडली असेल. मग यंत्र रोज तापून रोज निवत गेलं आणि श्रावणात तिथे सुईएवढं छिद्र झालं.

हे कळल्यावर सुनेचा चेहरा बदलला. रेडिएटर कुजला नव्हता, जुना झाला नव्हता. आणि संच बदलून तेच लांब स्क्रू लावले असते तर ३४ हजारांच्या नव्या रेडिएटरलाही तेच छिद्र पडलं असतं.

मिस्त्रींनी त्या जागेच्या पातळ पट्ट्या चिमट्याने बाजूला केल्या, रंग खरवडला आणि जस्त विरघळवलेलं ऍसिड काडीने लावलं. आजूबाजूचे जोडही डाखाचेच असतात, जास्त उष्णतेने ते सुटतात. म्हणून त्यांच्यावर ओल्या चिंध्या ठेवल्या. मग तापवलेल्या हत्याराने तांदळाच्या दाण्याएवढा डाख दिला. निवल्यावर पुन्हा हवा भरून टाकीत बुडवला. घड्याळ लावून दहा मिनिटं आम्ही तिघं पाण्याकडे बघत होतो. बुडबुडा आला नाही. सुनेने सांगितलं म्हणून आणखी दहा मिनिटं ठेवला. मिस्त्री कुरकुरले नाहीत. सूर्यास्ताच्या आत जेवायला आम्ही घरी होतो.

ऍसिडचा अंश आत राहिला तर तांबं खाईल, म्हणून रात्री गरम डिस्टिल्ड पाण्याने रेडिएटर आठ वेळा विसळला. नळाचं पाणी चालत नाही, त्यातले क्षार साठतात. मग नवीन द्रवाची बाटली उघडताना मी लेबल वाचलं. शेवाळ मारणारं द्रव्य आहे, असं लिहिलं होतं. माझा हात थांबला. आपण पाणी गाळून, उकळून वापरणारी माणसं. सुनेशी बोलले. तिचं म्हणणं असं की वाफेतून आलेल्या पाण्यात आत्ता काही वाढत नाहीये, ते बंद नळीत राहील आणि औषध पुढे काही उगवू नये म्हणून आहे. साधं पाणी ठेवलं तर दोन-तीन महिन्यांत शेवाळ धरेल, मग ते खरवडून फेकावं लागेल. त्यात हिंसा जास्त. लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून बरणी कोरडी करतो, त्यातलंच हे. मला ते पटलं.

सुनेने दोन अटी घातल्या. पहिली, रेडिएटर आता वर नको, समोरच्या बाजूला बसवायचा, म्हणजे कधी गळलाच तर थेंब कार्डावर न पडता खाली जाईल. दुसरी, चोवीस तास फक्त पंपाला वीज द्यायची, बाकी सगळं बंद. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवले. रात्री बारा वाजता आणि पहाटे सामायिकाच्या आधी मी बॅटरी घेऊन बघून आले. सगळे कोरडे. रविवारी दुपारी यंत्र सुरू झालं आणि सोमवारी तिची चित्रं गेली. आज दोन महिने झाले, टिश्यू अजून तिथेच आहेत आणि पांढरे आहेत.

खर्च लिहून ठेवलाय. मिस्त्री ३५०, जोड १६०, नवे ३० मिलिमीटरचे स्क्रू ४०, डिस्टिल्ड पाणी २००, द्रव १,४००. लोकलचं तिकीट सोडून २,१५० रुपये.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. रंग खरवडल्यावर चंदेरी धातू निघाला तर तो अल्युमिनियम. बाजारात तयार मिळणारे बरेचसे सीलबंद संच तसेच असतात. त्याला असा डाख बसत नाही, तिथे बदलण्यावाचून इलाज नाही. मिस्त्रीही हेच सांगत होते. नव्या गाड्यांचे रेडिएटर अल्युमिनियमचे आणि टाक्या प्लास्टिकच्या, त्यामुळे डाखाचं काम दिवसाला एखादंच येतं. मुलगा एका कारखान्यात लागलाय, दुकान पुढे कोण चालवणार ठरलेलं नाही. सुनेने त्यांचा नंबर फोनमध्ये घेतलाच, शिवाय कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवला आणि त्याखाली लिहिलं, ‘स्क्रू ३० मिमी’.