धावणं संपल्यावर

ज्येष्ठ सरत आला की माउलींची पालखी पुण्यातला मुक्काम आवरून पूलगेटकडून सोलापूर रस्त्याला लागते. रस्त्याच्या एका अंगाला रेसकोर्स आहे. पालखीपुढे दोन अश्व चालतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्याची पाठ मोकळी. त्या पाठीवर माउली आहेत या श्रद्धेने माणसं त्याला वाट करून देतात. बेळगावकडच्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून हे अश्व चालत आळंदीला येतात. पुढे पुरंदवड्याच्या माळावर रिंगण लागतं, अश्व भरधाव सुटतो, आणि तो गेला की हजारो वारकरी वाकून त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात.

रेसकोर्सच्या कुंपणाआड त्याच दिवसांत दुसरे घोडे तयार होत असतात. पुण्याचा हंगाम पावसाळ्याचा. जुलैत सुरू होतो, दिवाळीच्या आसपास आटोपतो, मग घोडे मुंबईला महालक्ष्मीला जातात. मी वानवडीत वाढले. भिजट पहाटे एम्प्रेस गार्डनच्या बाजूने गेलं की धुक्यातून आधी श्वास ऐकू यायचा, मग टापा, आणि मग तो लांबलचक देह दिसायचा. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठी जोपासलेल्या जातीचा घोडा, चौखूर धावताना दर उडीला एक श्वास घेतो. पाय आणि फुप्फुस एकाच लयीत बांधलेले असतात. त्या लयीइतकं सुंदर मी फार थोडं पाहिलं आहे. ते सौंदर्य आवडतं म्हणूनच त्याची किंमत कोण मोजतं, हा प्रश्न मला सोडत नाही.

किंमत पहिल्यांदा पाय मोजतो. घोड्याच्या पायाला गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतंच. हाड, कंडरा, कातडी आणि खाली खूर, एवढ्यावर साडेचारशे-पाचशे किलोंचा देह ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने जातो. धावताना एक क्षण असा येतो की सगळा भार एकाच पुढच्या पायावर असतो, आणि तो भार देहाच्या वजनाच्या दुपटीहून अधिक असतो. दोन वर्षांचं शिंगरू पहिल्यांदा शर्यतीत उतरतं, तेव्हा त्याची सगळी हाडं पुरी पिकलेलीही नसतात. कोवळ्या वयात बेताचा व्यायाम मिळाला तर हाड बळकट होतं, हेही खरं आहे. पण बळकट व्हायला त्याला मधूनमधून विसावा लागतो. तो मिळाला नाही की हाडात बारीक तडे साठत जातात, चिनी मातीच्या बशीवर केसाएवढी रेघ उमटावी तसे. बाहेरून काही दिसत नाही. बशी मात्र पुढच्या कुठल्या तरी धक्क्याची वाट पाहत असते.

कॅलिफोर्नियात १९९०पासून रेसकोर्सवर मेलेल्या घोड्यांचं शवविच्छेदन होतं. त्यातून कळलं ते असं, की पाय मोडून मेलेल्या बहुतेक घोड्यांच्या हाडात, मोडलं त्याच जागी, आधीपासून इजा होती. म्हणजे प्रेक्षकांना जो अपघात वाटतो तो कित्येक आठवडे आत घडत असतो. कोणी वेळेवर पाय चाचपला असता, क्ष-किरणाखाली धरला असता, मालकाला ‘ही शर्यत सोडा’ म्हणून सांगितलं असतं, तर तो घोडा जगला असता.

आणि पाय मोडला तर घोड्याला मारावं का लागतं? माणसासारखं त्याला महिनोन् महिने पलंगावर ठेवता येत नाही. तो उभ्याने जगणारा प्राणी. दुखरा पाय उचलला की दुसऱ्या पायावर भार येतो आणि त्या खुराच्या आतले पडदे सुजून सुटू लागतात. बार्बारोचं तसंच झालं. २००६ सालच्या केंटकी डर्बीचा तो विजेता. दोनच आठवड्यांनी, प्रीकनेस शर्यतीत त्याचा उजवा मागचा पाय मोडला. पैसा, शल्यविशारद, प्रार्थना, काहीच कमी पडलं नाही. आठ महिने झुंज चालली. मोडलेला पाय सांधत आला, पण डाव्या मागच्या पायाचा खूर निकामी झाला, पुढच्या पायांनाही तोच रोग जडला, आणि जानेवारी २००७मध्ये त्याला निरोप द्यावा लागला.

मोडलेला पाय निदान दिसतो. तबेल्यात जे होतं ते बघायला कोणी तिकीट काढत नाही. मोकळा सोडलेला घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो. त्याच्या पोटात आम्ल सतत झिरपत असतं, कारण निसर्गाने गृहीत धरलंय की गवतही सतत येत राहील. रेसचा घोडा दिवसातले बावीस-तेवीस तास एका खणात उभा असतो आणि दोन-तीन वेळा भरपूर चंदी खातो. म्हणून जठरातले व्रण हा त्याचा घरचा आजार झाला आहे. तालमीतल्या बहुसंख्य घोड्यांना ते असतात असं जगभरच्या तपासण्या सांगतात. काही घोडे दाराची कड दातांत धरून हवा ओढत राहतात, काही तासन् तास डावी-उजवीकडे झुलतात. लोक त्याला खोड म्हणतात. मला ती कोंडलेल्या कळपाच्या जनावराची हाक वाटते.

हे मला पहिल्यांदा एका वयस्क सईसाने दाखवलं. रेसकोर्सच्या साऱ्या मांडणीत घोड्याला खऱ्या अर्थाने ओळखतो तो सईस. खरारा तोच करतो, पायाला पट्ट्या तोच बांधतो, रात्री खोकला झाला की उठतो तोच. तो म्हणाला, “ताई, घोडा खोटं बोलत नाही. पाय दुखायला लागला की आधी चंदी टाकतो. लंगडतो मागनं.” मी विचारलं, याने रेस सोडली की कुठे जाणार? तो घोड्याच्या मानेवरून हात फिरवत राहिला. “टेम्पो येतो,” म्हणाला. “पुढचं कोण सांगत नाही आपल्याला.”

हे ‘पुढचं’ फार मोठं आहे. रेसचा घोडा दोन-तीन वर्षांचा असताना पळू लागतो आणि बहुतेक वेळा सहा-सात वर्षांचा होईतो त्याचं पळणं संपतं. नीट सांभाळला तर तो पंचवीस वर्षं सहज जगतो, कधी तिशीही गाठतो. म्हणजे ज्यासाठी तो जन्माला घातला, ते आयुष्याच्या एका कोपऱ्यात आटपतं. गुणी घोडे-घोड्या पैदाशीसाठी स्टड फार्मवर जातात. काही रायडिंग क्लबांत, काही पोलोत, काही लष्कराकडे. शांत स्वभावाचा घोडा चांगल्या हाती पडला तर मुलांना रिकिबीत पाय ठेवायला शिकवत म्हातारा होतो. असे सुखी घोडे मी महालक्ष्मीला पाहिले आहेत. पण प्रत्येकाच्या नशिबी ते नसतं. हिलस्टेशनच्या घोडेवाल्यांकडे, समुद्रकाठच्या वाळूत, लग्नाच्या वरातीत एखादा लांब पायांचा, पातळ कातडीचा घोडा दिसला की मी थबकते. वेगासाठी घडवलेलं जनावर ते. कानाशी बँड, डोळ्यांसमोर फटाके आणि पाठीवर आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर बसलेला नवरदेव. त्या घोडेवाल्याला मी दोष देत नाही. चंदीचा खर्च त्याच्या कमाईला परवडत नाही, एवढाच त्याचा गुन्हा. जनावर त्याच्या दाराशी येईपर्यंत श्रीमंत माणसांच्या किती हातांतून निसटलं, हे विचारायला हवं.

निसटण्याची गोष्ट परदेशातही तीच. फर्डिनांड हे नाव रेसच्या लोकांना ठाऊक आहे. १९८६ची केंटकी डर्बी त्याने जिंकली, तेव्हा पाठीवर चोपन्न वर्षांचे बिल शूमेकर होते. पुढच्या वर्षी तो अमेरिकेतला सर्वोत्तम घोडा ठरला. मग तो जपानला पैदाशीसाठी विकला गेला. तिथे त्याला मागणी राहिली नाही आणि २००२मध्ये तो कत्तलखान्यात संपला. बातमी बाहेर यायला वर्ष गेलं. ती आल्यावर न्यूयॉर्कच्या घोडेमालकांनी त्याच्याच नावाने दर शर्यतीमागे एक लहानशी ऐच्छिक रक्कम बाजूला काढायला सुरुवात केली, ती निवृत्त घोड्यांसाठी. ब्रिटनमध्ये रेसिंगनेच २०००पासून आपल्या निवृत्त घोड्यांना नवं काम आणि नवं घर देणारी संस्था चालवली आहे.

आपल्याकडे, पुण्याच्याच मातीत, याहून वेगळी एक वाट निघाली. सोली पूनावालांनी १९४६मध्ये स्टड फार्म काढलं. तिथले रेस संपलेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, कारण घोड्याच्या रक्तापासून धनुर्वातावरचं आणि सर्पदंशावरचं प्रतिविष बनतं. त्यातूनच सायरस पूनावालांना कल्पना सुचली आणि १९६६मध्ये सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. जगभरच्या मुलांच्या दंडात पुढे ज्या लसी गेल्या, त्यांच्या कारखान्याचा पाया असा निवृत्त घोड्यांच्या रक्तावर रचला गेला.

सर्पदंशाच्या औषधासाठी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष घोड्याला अगदी थोडं, मग वाढवत वाढवत टोचतात. त्याचं रक्त विषाशी झुंजायला शिकतं. मग ते रक्त काढून त्यातला उपयोगी द्रव वेगळा करतात. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार माणसं मरतात, असा २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांत भातलावणीत वाकलेल्या बाया आहेत, गोठ्यात अंधारात शिरलेली पोरं आहेत. कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती छोटी कुपी फोडली जाते तेव्हा एका घोड्याचं रक्त एका माणसाला परत आणत असतं. या उपकारापुढे मी नमते. पण शिरेतून पुन्हा पुन्हा रक्त देणाऱ्या जनावराला सावली, कुरण, सोबतीला दुसरा घोडा आणि अशक्त झाल्यावर सुट्टी, इतकं तरी मिळालंच पाहिजे. उपकार करणाऱ्यालाच उपाशी ठेवलं तर औषधालाही त्याचा डाग लागतो.

मी हे सगळं दयेच्या भाषेत बोलत नाही. माझं म्हणणं हिशेबाचं आहे. १९९६मध्ये डॉ. के. आर. लक्ष्मणन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की घोड्यांची शर्यत हा निव्वळ नशिबाचा खेळ नाही, तो कौशल्याचा खेळ आहे. घोड्याचा वेग आणि दम तालमीतून येतो, जॉकीचं कसब त्यात असतं. याच निकालावर आजचं रेसिंग कायद्याने उभं आहे. मग अर्थ सरळ आहे. मैदानावर जी कमाई होते ती त्या घोड्याच्या अंगच्या गुणांची आहे. बक्षिसात मालकाचा वाटा असतो, ट्रेनरचा असतो, जॉकीचा असतो. ज्याच्या कौशल्यामुळे हा सारा व्यवहार कायदेशीर ठरला, त्याचा वाटा त्याच्या म्हातारपणासाठी का काढू नये? चाळीस वर्षं नोकरी केलेल्याला आपण पेन्शन देतो आणि त्याला भीक म्हणत नाही.

आणि हे जमत नाही असं कोणी म्हणू नये. अमेरिकेत २००९पासून शर्यतीतल्या प्राणघातक दुखापती नोंदवायला लागले, तेव्हा दर हजार सहभागांमागे दोन घोडे मरत होते. नोंद सुरू झाली, शर्यतीआधी तपासण्या कडक झाल्या, औषधांवर बंधनं आली, आणि २०२२पर्यंत तो आकडा सव्वावर आला. मृत्यू मोजायला लागले म्हणून ते रोखता आले.

रेसिंगला मोजणं नवीन नाही. थरोब्रेडची वंशावळ इंग्लंडात १७९१पासून छापली जाते. आज भारतात जन्मणाऱ्या प्रत्येक थरोब्रेड शिंगराचे आई-बाप, आजा-पणजा नोंदले जातात. ज्या घोड्याचा पणजोबा आपण नावाने सांगू शकतो, तोच घोडा रेस सोडल्यावर कुठे आहे हे सांगता येत नसेल, तर अडचण यंत्रणेची नाही, इच्छेची आहे. त्याच नोंदवहीत आणखी एक रकाना हवा. घोडा कुणाकडे गेला, जिवंत आहे का, कसा आहे, हे तो मरेपर्यंत त्यात लिहिलं जावं आणि ते कुणालाही वाचता यावं. प्रत्येक बक्षिसातून, प्रत्येक पैजेतून ठरावीक पैसा त्याच्या नावे जमा व्हावा. ज्याला घोड्याच्या पुढच्या वीस वर्षांची तजवीज करता येत नाही, त्याने घोडा रेसमध्ये आणू नये.

यंदा पुण्याच्या हंगामाला किंवा फेब्रुवारीत महालक्ष्मीच्या डर्बीला जाणार असाल तर जरूर जा. घोडा डोळे भरून बघा. मग रेसबुक उघडा, पाच वर्षांपूर्वीच्या एखाद्या विजेत्याचं नाव आठवा आणि तिथल्या जबाबदार माणसाला विचारा, तो आज कुठे आहे? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.