तुडतुड्याचा चहा

पान असं आकसलेलं का दिसतंय, एवढंच मी विचारलं होतं.

तैवानातल्या बेइपू गावच्या जुन्या पेठेतलं ते एक चिंचोळं दुकान. समोर पांढऱ्या बशीत चिमूटभर सुका चहा. घरच्या डब्यातल्या काळ्या दाण्यांशी त्याचं काही नातं असेल असं वाटेना. वळलेल्या पानांत पांढरी लव, हिरवट, पिवळसर, तांबडं आणि तपकिरी असे पाच रंग एकत्र दिसत होते. दुकानाच्या मालकीण सत्तरीच्या पुढच्या. येणारंजाणारं सगळं त्यांना ‘आ-पो’ म्हणत होतं, म्हणजे आजी. त्या हाक्का भाषेत काहीतरी बोलल्या आणि माझ्यासोबत आलेल्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं मला सांगितलं, “याला कीड लागलीय म्हणतात. म्हणून तर महाग.”

मला वाटलं, सांगण्या-ऐकण्यात काही चुकलं. मी तिला पुन्हा विचारायला लावलं. आ-पोंनी भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं. चहाच्या कोवळ्या शेंड्यावर एक पोपटी, पाचरीसारखा निमुळता किडा तिरका बसला होता. त्याला ओळखायला मला दुभाष्याची गरज नव्हती. तो तुडतुडा होता.

मी माणची. हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा आमच्या गावात उभा आहे आणि त्याच्या मागच्या ओढ्यालगत आमची उरलेली चार खाचरं आहेत. अजून भात लावतो. भादव्यात आप्पा रोज सकाळी बांधावरून उतरायचे, चुडाचं बूड दोन्ही हातांनी फाकवून बघायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावरून आम्हाला घरात कळायचं. हिरवा तुडतुडा पानावर, तपकिरी बुडाशी. तपकिरी वाढला की उभ्या शेतात मधेच भात गोल गोल करपत जातं, जणू कुणी तापलेले तवे टेकवलेत. मग पाठीला पंप, तोंडाला फडकं आणि दोन दिवस अंगाला औषधाचा वास. आमच्या घरात या किड्याचं नाव कुणी कधी प्रेमानं घेतलेलं नाही. आणि इथं समुद्रापलीकडच्या एका गावात त्याचं चित्र चौकटीत घालून भिंतीवर लावलं होतं.

मी तैवानात आले होते ती कंपनीच्या कामानं, तीन महिन्यांसाठी, शिंचू शहरात. 1980 साली तिथं सायन्स पार्क उभं राहिलं, 1987 साली तिथंच टीएसएमसी सुरू झाली, आणि आज आपल्या खिशातल्या फोनमधल्या चिपचं माहेर बहुधा याच परिसरात निघतं. हिंजवडीच्या माणसाला शिंचू परकं वाटत नाही. सकाळी आपल्या भूमकर चौकासारखीच दाटी, फक्त गाड्यांऐवजी स्कूटरींची. काचेच्या इमारतींच्या मधल्या गल्लीत अचानक एखादं लालभडक देऊळ, उदबत्त्यांचा धूर. इमारतींच्या गर्दीत आपला म्हातोबा बसलाय तसंच. वारा मात्र तिथला निराळा. त्या शहराला ‘वाऱ्याचं शहर’च म्हणतात.

पहिला आठवडा चहावाचून गेला. म्हणजे आपल्या चहावाचून. आमच्या गेटबाहेरच्या टपरीवर आलं ठेचल्याचा आवाज आला की माझा दिवस सुरू होतो. ती दाणेदार भुकटी, म्हशीचं दूध, साखर, तीनदा वर आलेली उकळी. त्या कटिंगवर माझं मनापासून प्रेम आहे आणि तैवानात जाऊन आल्यावरही ते कमी झालेलं नाही. पण त्या कटिंगमध्ये मी पंचवीस वर्षं दूध, आलं आणि साखर प्यायले. पान काय असतं ते मला माहीत नव्हतं. ते बेइपूत कळलं.

शिंचूच्या बुलेट ट्रेनच्या स्थानकावरून सिंहमुख डोंगराकडे जाणारी पर्यटकांची बस सुटते, ती वाटेत बेइपूला थांबते. तासाभरात काचेच्या इमारती संपतात आणि बुटक्या टेकड्या, बांबूची बेटं, भाताचे तुकडे दिसायला लागतात. ते भात बघून मी खिडकीला नाक लावलं. जूनचा पहिला आठवडा होता. आपल्याकडे मृग लागायचा, रोपं टाकायची घाई. त्यांच्याकडे ड्रॅगन बोटींचा सण तोंडावर आलेला. हा चहा खुडायचा हंगाम नेमका तोच, सणाच्या आगेमागे काही दिवस. उकाडा आणि दमटपणा वाढतो तेव्हा तुडतुडेही वाढतात.

आ-पोंच्या भाच्यानं आम्हाला शेजारच्या अमेइ गावातल्या मळ्यात नेलं. माझ्या डोक्यात चहाचा मळा म्हणजे कॅलेंडरवरचा, कातरलेल्या हिरव्या गालिच्यासारखा. इथली झुडपं बघून आप्पांना झोप लागली नसती. शेंडे खुरटलेले, कोवळी पानं पिवळी पडून होडीसारखी दुमडलेली. आपल्या मिरचीवर चुरडा-मुरडा येतो तशी. बांधावर गवत माजलेलं, जाळ्यांतून कोळी बसलेले. औषध मारायचंच नाही, मारलं तर किडा जाईल आणि किडा गेला तर चहा गेला. मळ्यात डोक्याला रुंद टोप्या आणि हातांना कोपरापर्यंत कापडी बाह्या घातलेल्या बायका एकेक शेंडा नखानं खुडत होत्या. सगळ्या वयस्क. त्यांच्या वाकलेल्या पाठी आणि मधेच उठलेलं हसू बघून मला आमच्या लावणीच्या बायका आठवल्या, फक्त इरली नव्हती. आपल्याकडच्या मापात पाऊण किलोलाही भरणार नाही असं त्यांचं एक माप आहे, ‘जिन’, 600 ग्रॅमचं. तेवढ्या सुक्या चहासाठी तीन-चार हजार शेंडे लागतात, असं भाच्यानं सांगितलं. यंत्र इथं चालत नाही, कारण चावलेला शेंडा कुठला आणि न चावलेला कुठला हे यंत्राला दिसत नाही.

‘चावलेला’ म्हणायचं खरं, पण तुडतुडा चावत नाही, सोंड खुपसून रस ओढतो, हे कुठल्याही भातकऱ्याला ठाऊक आहे. पुढची गोष्ट मात्र मला ठाऊक नव्हती. रस ओढला गेला की झाड गप्प राहत नाही. ते पानात नवी सुगंधी द्रव्यं तयार करतं. त्या वासावर कोळ्यांसारखे तुडतुड्याचे वैरी धावून येतात. म्हणजे झाडाची ती आरोळी असते. माणसानं त्या आरोळीचा चहा केला. आपल्या दार्जिलिंगच्या उन्हाळी तोडीला द्राक्षासारखा जो नावाजलेला गंध असतो, त्यामागेही असेच किडे असतात, हे कळल्यावर तर मी गप्पच झाले.

दुपारी भाच्याच्या घराच्या पडवीत पुढचं सगळं पाहिलं. हिरवा चहा, काळा चहा आणि उलाँग ही वेगवेगळी झाडं असतात असं मी समजत होते. झाड एकच. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, पानाचंही तसंच होतं. खुडल्याबरोबर तापवून ते थांबवलं तर हिरवा चहा, पूर्ण होऊ दिलं तर काळा, आणि मधेच कुठंतरी, नेमक्या क्षणी हात धरला तर उलाँग. ‘उलाँग’चा अर्थ काळा ड्रॅगन. तो क्षण कुठला, हे यंत्र सांगत नाही, नाक सांगतं. पानं आधी उन्हात सुकवली, मग सावलीत सुपासारख्या बांबूच्या गोल टोपल्यांत पसरली. दर थोड्या वेळानं भाचा ती दोन्ही हातांनी हलके उचलून हलवायचा. त्यानं पानांच्या कडा खरचटतात आणि तांबूस व्हायला लागतात. तो दर वेळी वाकून टोपलीत नाक घालायचा आणि मग माझ्यापुढे टोपली धरायचा. आधी कापलेल्या गवताचा वास होता. तासाभरानं काकडीसारखा झाला. रात्री उशिरा मी पुन्हा वास घेतला तेव्हा पिकलेल्या पेरूंची टोपली कुणी जवळ आणून ठेवावी तसं झालं. टोपलीत दुसरं काहीच नव्हतं. मग कढईत भाजणं, आणि त्यानंतर पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवणं, आपण मटकीला मोड आणायला बांधतो तशी. मग वळणं, सुकवणं.

त्या चहाचं व्यापारी नाव ‘पूर्वेची सुंदरी’. कुणा इंग्रज राणीनं ते ठेवलं असं दुकानादुकानांत सांगतात, आणि दर दुकानात राणी बदलते. गावातलं जुनं नाव मला जास्त खरं वाटतं. ‘फोंगफुंग छा’, म्हणजे बढाईखोराचा चहा. कुणा एका शेतकऱ्याचा मळा किड्यांनी खाल्ला. टाकून द्यायला जीव होईना म्हणून त्यानं त्याच पानांचा चहा केला, शहरात नेला, आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त भावानं विकून आला. गावात सांगितलं तर लोक म्हणाले, बढाया मारतोय. ही लोककथा आहे, तिला साल नाही की शेतकऱ्याचं नाव नाही. पण नासलेलं पीक टाकून द्यायला जीव होत नाही, हे मी घरात बघितलेलं आहे. त्या माणसावर माझा विश्वास आहे.

आ-पोंनी चहा केला तो मुठीएवढ्या भांड्यात. पाणी नुकतं उकळून थोडं निवलेलं. पहिला घोट मी साखर टाकली असेल असं समजून घेतला. मध होता तो, पोळ्यातून थेंब गळावा तसा, आणि मागून काळ्या मनुकांची गोडी. ना दूध, ना साखर, ना वेलची. तीच पानं त्यांनी सहा वेळा भिजवली आणि सहाही वेळा चहा वेगळा लागला. तिसरा मला सगळ्यात आवडला. मी “छा” असं बोट दाखवून म्हटलं तर त्या खुदकन हसल्या, कारण हाक्कातही तो ‘छा’च. आमच्या गावात ‘च्या’ म्हणतात. हा शब्द चीनमधून निघून माणच्या पडवीपर्यंत आला आणि वाटेत जवळजवळ बदललाच नाही.

उठायच्या आधी त्यांनी मला आतून खरबरीत मातीचं एक भांडं आणि लांब दांडका दिला. चहाची पानं, शेंगदाणे आणि तीळ त्यात घालून तेल सुटेपर्यंत वाटायचं आणि वर गरम पाणी ओतायचं. हाक्का लोकांचा हा वाटलेला चहा, ‘लेइ छा’. शेंगदाण्याचं कूट करायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझा हात बघून आ-पोंनी मैत्रिणीला काहीतरी विचारलं. ती म्हणाली, “ही पोरगी शेतकऱ्याची आहे का, विचारतायत.”

मग दर शनिवारी मी कुठं ना कुठं गेले. पिंगलिनचा बाओझोंग, जेमतेम कडेला तांबूस केलेला, दारात जाई फुलल्यासारखा. तायपेई शहराच्या काठावर माओकोंगच्या डोंगरावर 2007 पासून दोरीवरचे पाळणे जातात. तिथं चांगला भाजलेला तिएगुआनयिन प्यायले, खरपूस, भाजल्या रताळ्याच्या सालीसारखा. डोंगरमाथ्यावरचे चहा निराळेच. लिशानचे मळे 2000 मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही वर. तो चहा मी हुंगला तेव्हा आंबेमोहोर शिजत असलेल्या चुलीपाशी उभी आहे असं वाटलं.

एका ठिकाणी मात्र मी थबकले. सन मून तळ्याजवळच्या युची गावात फळ्यावर लिहिलं होतं, ‘आसाम’. जपानी राजवटीत, 1925 साली, भारतातून आसामच्या चहाचं बी इथं आणलं गेलं आणि ते रुजलं. पुढे म्यानमारातल्या मोठ्या पानाच्या चहाचा इथल्या रानचहाशी संकर करून एक वाण तयार झालं, 1999 साली ते शेतकऱ्यांना मिळालं. नंबर 18, ‘माणिक’. त्याच्या काळ्या चहात दालचिनी आणि पुदिना लागतो, आणि त्यात दालचिनीही नाही, पुदिनाही नाही. मी भांड्याचं झाकण उघडून आत बघितलं.

परत येताना सामानात ‘सुंदरी’चा एक पुडा होता, 150 ग्रॅमचा. माझ्या एका पगारी शिफ्टपेक्षा महाग, ते आप्पांना सांगितलं नाही. रविवारी माणच्या घरी पडवीत बसून केला. आईनं एक घोट घेतला आणि म्हणाली, “छान आहे गं,” आणि स्वतःसाठी दूध तापत ठेवलं. आप्पांना मी सगळी गोष्ट सांगितली. किडा, पिवळी पानं, औषध न मारलेला मळा. त्यांनी ऐकून घेतलं. कप संपवला. दुसरा मागितला, तिसरा मागितला. काही बोलले नाहीत.

मग भांड्यातलं एक भिजलेलं पान त्यांनी बोटांनी उचललं, तळहातावर ठेवलं आणि अंगठ्यानं हळूहळू पूर्ण उलगडलं. चष्मा कपाळावर चढवला. पान उन्हाकडे धरलं, उलटं केलं, पुन्हा धरलं. आतल्या शिरेपाशी टाचणीच्या टोकाएवढे दोन-तीन तपकिरी ठिपके होते. तिथं त्यांनी नख टेकवलं.

“ताई, हे बघ,” ते म्हणाले. “हितं बसला व्हता.”