थोडंसं तेच

मराठी घेऊन बी.ए. झालेल्या बाईने गणितावर लिहायचं म्हणजे आगाऊपणाच. पण नात गणितात एम.एस्सी. करते आहे आणि रात्री फोनवर माझी शिकवणी घेते. त्यातलं जेवढं डोक्यात शिरलं तेवढं लिहिते. गणितवाल्यांनी हसू नये.

शाळेतला संच आठवत असेल. घटक एक तर आत, नाही तर बाहेर. आमच्या निकालपत्रकासारखं, ३५ ला पास, ३४ ला नापास. बाकूत जन्मलेल्या आणि बर्कलेत शिकवणाऱ्या लॉटफी झादे यांनी १९६५ मध्ये हे कुंपणच काढून टाकलं. घटक संचात ० ते १ मधल्या कुठल्याही प्रमाणात असू द्या, म्हणाले. 'उंच मुलं' या संचात कुणी ०.९, कुणी ०.४. याला फझी सेट म्हणतात. ही शक्यता नव्हे बरं का! पोरगा समोर उभा आहे, टेप लावून मोजलाय, तरी तो ०.४ च उंच.

दुसरीकडे कॅटेगरी थिअरी. आयलेनबर्ग आणि मॅक लेन या दोघांनी १९४५ मध्ये ती मांडली. वस्तूच्या पोटात काय आहे ते उकरू नका, एका वस्तूकडून दुसरीकडे कोणते बाण जातात ते बघा, असा तिचा खाक्या. (या आयलेनबर्गना आपल्याकडच्या आणि आग्नेय आशियातल्या जुन्या मूर्ती जमवायचा नाद होता. त्यातल्या कितीतरी आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत.)

झादेंचाच विद्यार्थी जोसेफ गोगेन. १९६७ पासून त्याने या दोन गोष्टींची सोयरीक जमवली. फझी सेटमधल्या बाणाला अट एकच: बाण ज्या घटकावर पोचतो, त्याचं प्रमाण निघालेल्या घटकापेक्षा कमी नसावं. ०.३ कडून ०.७ कडे खुशाल जा, उलट येता येणार नाही.

इथे एक गंमत होते. दोन संच घ्या, दोन्हींत एकेकच घटक, एकाचं प्रमाण ०.३, दुसऱ्याचं ०.७. जोडी तंतोतंत लागली, कुणी उरलं नाही, तरी परतीची वाट बंद. साध्या संचांत असं कधी होत नाही. त्यामुळे हे फझी जग, संचांच्या जगासारखं वागणारं जे 'टोपॉस' असतं, त्यात बसत नाही. १९८२ मध्ये अँड्र्यू पिट्स यांनी तेच लिहिलं, आणि १९८६ मध्ये मायकेल बार यांनी दुखणं नेमकं पकडलं. तुम्ही सभासदत्व सैल केलंत, पण बरोबरीचं चिन्ह ताठच ठेवलंत! दोन घटक एकच आहेत का, यालाही 'हो' किंवा 'नाही' न म्हणता 'इतक्या प्रमाणात' म्हणा, मग गाडी रुळावर येते.

हे ऐकलं आणि मी गप्प झाले. आमच्या अक्काचं घरातल्यांना माहीत आहेच. तीन वर्षं झाली, विसरत चालली आहे. कधी मला आई म्हणते, कधी शेजारीण. तिच्या लेखी मी ०.३ मीच आहे. मला मात्र ती पुरी अक्काच.

म्हणून नातीला म्हटलं, तुझा एक नियम मला मान्य नाही. या बरोबरीच्या प्रमाणात 'अ' जितका 'ब' सारखा, तितकाच 'ब' 'अ' सारखा, असं त्या लोकांनी धरलंय. आमच्या घरात तसं नाही. हसली नाही हो ती. म्हणाली, "आजी, लॉव्हिअर वाच."

विल्यम लॉव्हिअर यांनी १९७३ मध्ये अंतर हाच बाण मानला. सारखेपणा जितका जास्त, तितकं अंतर कमी. मधल्या मुक्कामाने गेलात तर रस्ता थेट रस्त्याहून कमी भरणार नाही, हे पथ्य त्यांनी ठेवलं. पण जाण्याचं आणि येण्याचं अंतर सारखंच हवं, ही अट सरळ काढून टाकली. सिंहगड चढणं आणि उतरणं काय एक आहे? मला हा माणूस फार आवडला.

गेल्या रविवारी अक्काकडे गेले होते. तिने माझा हात हातात घेऊन विचारलं, "तुम्ही कुणाकडच्या?"

म्हटलं, "तुझ्याकडचीच गं."

"असं होय," म्हणाली, आणि आपल्या बशीतले पोहे माझ्यापुढे सरकवले.