कुंभोज ते सातारा : एका पंगतीची वाट

कुंभोजजवळच्या बाहुबली डोंगरावर आपली कुटुंबे श्रद्धेने जातात. १९६३ साली स्थापिलेल्या २८ फुटी मूर्तीचे दर्शन घेऊन बहुतेक यात्रेकरू घराकडे वळतात. याच कुंभोज गावी १८८७ साली, जैन कुटुंबात, कर्मवीर भाऊराव पाटील जन्मले. त्यांच्या वाटेने कोल्हापूर आणि सातारा पाहिल्यास यात्रेचे पुण्य वाढते, असे मी म्हणेन.

कोल्हापूरच्या दसरा चौक परिसरात जैन, मुस्लिम, लिंगायत अशी वसतिगृहे जवळजवळ उभी आहेत. शिक्षणापासून दूर राहिलेल्या समाजांची मुले शहरात टिकावीत, म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी या वसतिगृहांना उदार आश्रय दिला. पुढे संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसविण्याचा हुकूम निघाला.

विद्यार्थी भाऊराव येथील जैन वसतिगृहात राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परतल्यावर स्नान करण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि वसतिगृह सोडावे लागले. आपल्या समाजाच्या इतिहासातील हे पान झाकून ठेवण्याजोगे नाही. त्यातूनच पुढचे कार्य उगवले.

१९१९ सालीच कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. साताऱ्यात १९२४ साली सुरू झालेल्या वसतिगृहाला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते शाहू छत्रपतींचे नाव मिळाले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले मिळून स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. त्या पंगतीसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. साताऱ्यात त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

आज मुलांसाठी शाळा निवडताना आपण निकाल पाहतो, इमारत पाहतो, आणि ‘आपल्यातली’ मुले किती, हेही पाहतो. पेढीवर मात्र हरएक जातिधर्माचे गिऱ्हाईक येते. त्याची भाषा, सण आणि अडचण ज्याने लहानपणी शेजारच्या बाकावर जाणली, त्याला विश्वास जोडणे सोपे जाते. आपला आहार, आपले व्रत घरच्या संस्काराने टिकते; त्यासाठी बाक वेगळा लागत नाही. अनेकांतवाद आपण प्रवचनात ऐकतो. दुसऱ्याच्या म्हणण्यातही सत्याचा अंश असतो, हे मुलांनी शिकावे असे वाटत असेल, तर तो दुसरा त्यांच्या वर्गात असायला हवा.