जाम झालेले इंजिन

इंजिन जाम झाले म्हणजे ते मेले, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. म्हणून गोठ्यामागे उभे असलेले जुने ट्रॅक्टर शेवटी किलोच्या भावाने भंगारात जातात. खरे तर जाम होण्याचे दोन प्रकार. चालता चालता पाणी किंवा ऑइल संपले की तापलेला पिस्टन लायनरला धरतो. तिथे धातूच खरवडलेला असतो, इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर नाही. दुसरा प्रकार नुसत्या उभे राहण्याचा. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. सायलेन्सरमधून ओल उतरते, उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरात शिरते आणि रिंगा लायनरला गंजाने चिकटतात. हा गंज बहुतेक वेळा सुटतो.

पेडण्याकडे माझ्या मामांचा ट्रॅक्टर होता. एचएमटी २५११, दोन सिलिंडरांचा, पंचवीस अश्वशक्तीचा. चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्याने एचएमटीने १९७१ साली हे ट्रॅक्टर बनवायला घेतले. २०१६ साली तो कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला. मामा गेले आणि ट्रॅक्टर चार पावसाळे जागचा हलला नाही. वायंगणाचे शेतही पडीक राहिले. भंगारवाला भाव सांगून गेला, तेव्हा मामी एवढेच म्हणाली, "आधी मिस्त्रीला दाखव. तो नको म्हणाला तर नेऊ दे."

दुसरा ट्रॅक्टर लावून ओढायचा सल्ला वाड्यावर सगळ्यांनी दिला. मिस्त्रीने तो ऐकूनच घेतला नाही. "ओढलात तर रिंगा तुटतील, कनेक्टिंग रॉड वाकेल. मग खरेच भंगार. सवकास घ्या."

त्याने दोन्ही नोझल काढले आणि त्या भोकांतून डिझेल व ऑइल निम्मेनिम्मे ओतले. बस्स, त्या दिवशीचे काम संपले. दुसऱ्या दिवशी एका सिलिंडरातले मिश्रण खाली गेले होते, दुसऱ्यातले जसेच्या तसे. "अडलेय ते इथे," मिस्त्री म्हणाला. रोज थोडे ओतायचे, क्रँकच्या पुलीवरच्या नटाला पाना लावून हलकेच जोर द्यायचा आणि सोडून द्यायचे. आठवडाभर काही नाही. नवव्या दिवशी पाना बोटभर सरकला. इथेच माणूस हुरळतो आणि जोर करतो. मिस्त्रीने उलट मागे फिरवले. पुढे बोटभर, मागे बोटभर, असे करत दुपारपर्यंत पूर्ण फेरा झाला.

तरी लगेच चालू केले नाही. नोझल बाहेर ठेवूनच इंजिन फिरवून वरचे तेल उडवून टाकले. ते आत राहिले असते तर पिस्टन त्यावर आपटला असता. खालच्या ऑइलमध्ये डिझेल उतरले होते, म्हणून तेही बदलले. फिल्टर नवा घातला, लाइनमधली हवा काढली. मग सेल्फ मारला. आधी पांढरा धूर, मग एक सिलिंडर, मग दुसरा. मामी पायरीवर बसून होती. तिने भंगारवाल्याला नको म्हणून कळवायला सांगितले आणि आत जाऊन चहा ठेवला.

त्या डिसेंबरात शेजाऱ्याने तोच ट्रॅक्टर चालवून तिचे वायंगण नांगरले. बदल्यात स्वतःचेही नांगरून घेतले.

तुमच्या गोठ्यात असा कोणी उभा असेल, तर मृगाआधी सायलेन्सरवर डबा उपडा घाला आणि महिन्यातून एकदा इंजिन हाताने फिरवा. आणि जाम झालाच असेल, तर भंगारवाल्याला महिनाभर थांबवा.